हल्ला आणि बिघाड गृहीत धरून: सॉफ्टवेअर प्रणालींच्या आवश्यकता कशा ठरतात

सॉफ्टवेअर प्रणालीच्या आवश्यकता दोन अंगांनी लिहिल्या जातात. प्रणालीने काय करायचे, हे पहिले अंग: खातेदाराने एटीएममधून पैसे मागितले की शिल्लक तपासावी, पुरेशी असेल तर पैसे द्यावेत, खात्यात नोंद करावी. हेच काम वीज गेली, जोडणी तुटली, कोणी खोटा निरोप घुसवला किंवा आतलाच माणूस फितूर झाला तर कसे व्हावे, हे दुसरे अंग. पहिल्यावर पानेच्या पाने लिहिली जातात. दुसरे पुष्कळदा एका ओळीत आटोपते: 'प्रणाली सुरक्षित व अखंड उपलब्ध असावी.' या ओळीची चाचणी घेता येत नाही आणि तिच्या आधारे कंत्राटदाराला जाबही विचारता येत नाही. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती आवश्यकता नव्हे, सदिच्छा आहे.

या क्षेत्रातील परिभाषा बरीचशी स्थिरावली आहे. अविझिएनिस, लाप्री, रँडेल आणि लँडवेर यांच्या २००४ च्या निबंधात दोष, चूक आणि अपयश अशी साखळी मांडलेली आहे. दोष म्हणजे प्रणालीत दडलेले वैगुण्य. तो जागा झाला की आतील स्थिती चुकते. ती चूक वापरणाऱ्यापर्यंत पोहोचली की अपयश. आवश्यकता या साखळीच्या प्रत्येक दुव्यावर लिहिता येते: दोष शिरू नये, शिरला तर त्याची चूक पसरू नये, पसरली तर लवकर कळावी, आणि कळल्यावर प्रणाली ठरलेल्या मुदतीत पूर्ववत व्हावी. १९८८ च्या नोव्हेंबरात मॉरिस वर्मने इंटरनेटचा मोठा भाग ठप्प केला. त्यानंतर अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये आणीबाणी-प्रतिसाद केंद्र उभे राहिले आणि तेथेच पुढे तगून राहण्याच्या क्षमतेचा विचार प्रतिकार, ओळख आणि सावरणे या तीन शब्दांत बांधला गेला. संरक्षणाची भिंत कधीतरी पडणारच, हे त्यात गृहीत आहे.

हल्ला आणि बिघाड यांचे परिणाम सारखे दिसतात, पण त्यांचे गणित वेगळे असते. बिघाड आंधळा असतो. एक यंत्र हजारातून एकदा बंद पडत असेल आणि दुसरे त्याच्याशी अजिबात संबंध नसलेले असेल, तर दोन्ही एकाच वेळी बंद पडण्याची शक्यता दहा लाखांत एक. उपलब्धतेच्या टक्केवाऱ्याही याच हिशेबावर उभ्या असतात: ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे पावणेनऊ तास बंद, ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे ५३ मिनिटे. हल्लेखोराला हे गणित लागू नाही. दोन्ही यंत्रांचा पासवर्ड एकच असेल तर त्याला दोन्ही एकाच दमात मिळतात, आणि तो नेमकी सुट्टीची वेळ निवडतो. म्हणून हल्ल्यासंबंधीची आवश्यकता 'किती वेळा' या प्रश्नातून लिहिता येत नाही. हल्लेखोराच्या हाती काय आहे असे धरायचे, आणि ते असूनही काय होता कामा नये, हे तिच्यात सांगावे लागते.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे प्रकरण या दृष्टीने पाठ्यपुस्तकात घालण्यासारखे आहे. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या या सहकारी बँकेतून ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, काही तासांत ७८ कोटी रुपये २८ देशांतील एटीएममधून काढले गेले. त्यासाठी सुमारे १२,००० व्हिसा व्यवहार झाले. देशातही रुपे कार्डांच्या सुमारे २,८०० व्यवहारांतून अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ तारखेला, बँकांमधील निरोपांच्या स्विफ्ट प्रणालीतून १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळते झाले. एकूण ९४.४२ कोटी. काढणाऱ्यांच्या हाती बनावट कार्डे होती, पण कार्ड बनावट असणे हा या चोरीतला दुय्यम भाग. एटीएमवर कार्ड सरकवल्यानंतर मंजुरीची विचारणा पेमेंट कंपनीकडून बँकेच्या स्विचकडे येते, स्विच ती कोअर बँकिंग प्रणालीकडे पाठवतो, तेथे शिल्लक तपासली जाते आणि होकार किंवा नकार परत जातो. हल्लेखोरांनी या वाटेवर आपला बनावट स्विच बसवला होता. विचारणा त्याच्याकडे जाई, तोच 'मंजूर' म्हणे, आणि कोअर बँकिंगपर्यंत निरोप पोहोचतच नसे. खातेदारांच्या शिल्लक रकमा जशाच्या तशा राहिल्या. खातेवही आपल्या जागी बिनचूक होती, आणि पैसे बाहेर जात होते.

सुरक्षेवर बँकेने किती खर्च केला असता तर हे टळले असते, ही चर्चा फारशी कामाची नाही. येथे न लिहिली गेलेली आवश्यकता कोणती, हे शोधले तर जास्त हाती लागते. पहिली अशी: बाहेर दिलेल्या प्रत्येक होकारामागे कोअर बँकिंगमध्ये नोंद असलीच पाहिजे, आणि ठरलेल्या मिनिटांत ती सापडली नाही तर पुढील होकार आपोआप थांबले पाहिजेत. दुसरी: परदेशी एटीएममधून तासाभरात जाणाऱ्या एकूण रकमेला बँकेच्या पातळीवर कमाल मर्यादा हवी, आणि ती मर्यादा स्विचवर ताबा मिळवणाऱ्याच्या हाती नसलेल्या ठिकाणी असावी. तिसरी आवश्यकता माणसांची. शनिवारी संध्याकाळी धोक्याचा इशारा आला तर स्विच बंद करण्याचा अधिकार कोणाला, आणि त्यासाठी वरिष्ठांची परवानगी लागते का? यांपैकी एकही आवश्यकता हल्लेखोर आत कसा शिरला यावर अवलंबून नाही. तो शिरलाच आहे असे धरून त्या लिहिता येतात.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईत उघडकीला आलेला पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा वरवर पाहता अगदी वेगळा. तेथे परदेशी टोळी नव्हती, मालवेअर नव्हते. ब्रॅडी हाऊस शाखेतून हमीपत्रांचे निरोप स्विफ्टवरून जात होते आणि त्यांची नोंद कोअर बँकिंगमध्ये होत नव्हती, कारण दोन प्रणाली एकमेकींशी जोडलेल्याच नव्हत्या. रक्कम १३,००० कोटींच्या पुढे गेली. ऑगस्ट २०१६ पासून बँकांना या धोक्याबद्दल किमान तीनदा सावध केले होते, असे रिझर्व्ह बँकेने नंतर जाहीर केले, आणि स्विफ्ट व कोअर बँकिंग जोडण्यासाठी ३० एप्रिल २०१८ ची मुदत घातली. कॉसमॉसमध्ये जोडणी होती पण मध्येच कापली गेली. येथे ती मुळात नव्हती. बाहेरचा चोर आणि आतला माणूस या दोघांनाही अडवणारी आवश्यकता मात्र एकच निघते: पैसे किंवा पैशाचे वचन बाहेर नेणारा निरोप आणि हिशेबाची नोंद यांचा मेळ तिसऱ्या, स्वतंत्र ठिकाणी बसला पाहिजे.

आतल्या माणसाचा प्रश्न मध्य प्रदेशाला चांगलाच परिचित आहे. २०१८ मध्ये राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर पाणीपुरवठा योजनांच्या निविदांतील आकडे बदलले गेल्याचा संशय पुढे आला आणि एप्रिल २०१९ मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. कोण दोषी हा न्यायालयाचा विषय. आवश्यकता लिहिणाऱ्याला तेथे वेगळेच शिकायला मिळते. कागदी निविदेचा लखोटा लाखेने बंद असे आणि चार जणांसमोर फुटे. पोर्टलवर लखोटा म्हणजे डेटाबेसमधील एक ओळ. प्रशासकाचे अधिकार असलेल्याला ती वाचता येत असेल तर लखोटा बंद नाहीच. 'निविदा गोपनीय राहाव्यात' एवढे लिहून भागत नाही. मुदत संपेपर्यंत ठरावीक अधिकाऱ्यांपैकी किमान दोघांच्या किल्ल्या एकत्र आल्याशिवाय कोणालाही, प्रशासकालासुद्धा, निविदेतील आकडा वाचता येऊ नये. सादर झालेल्या निविदेचा अंकीय ठसा (हॅश) त्याच क्षणी दुसऱ्या संस्थेकडे नोंदला जावा. आणि नोंदवह्या पुसण्याची सोय पोर्टल चालवणाऱ्या कंपनीकडे नसावी, असे लिहावे लागते. साल्झर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्ये सांगितलेली किमान अधिकार आणि अधिकारांची वाटणी ही तत्त्वे यात आहेत. अर्धशतक जुनी तत्त्वे अजून निविदा-दस्तऐवजात पोहोचायची आहेत, हे या क्षेत्राचे एक नेहमीचे दुखणे.

बिघाडाच्या बाजूने पाहिले की पहिला उपाय सुचतो तो राखीव यंत्राचा. तो खरा आहे, पण राखीव यंत्र मूळ यंत्राच्या चुकांपासून वेगळे असले तरच. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ हे युरोपीय रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत भरकटून फुटले. दिशादर्शक संगणक दोन होते, पण दोघांत सॉफ्टवेअर एकच. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत बसवताना राखीव संगणक कोसळला आणि पाठोपाठ, त्याच कारणाने, मुख्यही कोसळला. तो भाग एरियन ४ वरून जसाच्या तसा उचललेला होता. जुन्या रॉकेटच्या वेगाला ती संख्या कधी एवढी मोठी होतच नव्हती. नव्या रॉकेटच्या आवश्यकतांत ती मर्यादा कोणी पुन्हा तपासली नाही.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक पाडले आणि भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, तेव्हा सर्वत्र एकच सॉफ्टवेअर असण्याचा प्रश्न तोच होता. फरक इतकाच की येथे पाडणारी वस्तू संरक्षणासाठी बसवलेली होती. अशा प्रसंगातून निघणारी आवश्यकता साधी आहे: कोणताही बदल, सुरक्षेचा असला तरी, सर्व यंत्रांवर एका वेळी जाऊ नये, आणि पहिल्या तुकडीत बिघाड दिसला तर पुढचे वितरण माणसाची वाट न पाहता थांबावे. सुरक्षा विभागाला ही अट आवडत नाही, कारण हल्ला चालू असताना प्रत्येक तास मोलाचा असतो. तडजोड करावीच लागते. ती लिहून ठेवलेली असली की निदान कोणी केली ते कळते.

राखीव प्रतींचेही तसेच. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या मालवेअरने मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा पुसली. तिच्या गटाकडे असलेले न्हावाशेवा येथील जेएनपीटीमधील टर्मिनलही अडकले आणि मालाची हाताळणी हातानोंदींवर आली. कंपनीच्या वापरकर्त्यांची ओळख पटवणारे सर्व्हर एकमेकांच्या प्रती होते, म्हणून एकाबरोबर सगळे गेले. घानातला एक तेवढा वाचला, तोही हल्ल्याच्या वेळी वीज गेल्यामुळे जाळ्याबाहेर असल्याने. कंपनी त्याच्यावरून उभी राहिली. आता बहुतेक नियमावल्यांत किमान एक प्रत जाळ्यापासून तोडलेली असावी, ही अट दिसते. मर्स्कला ती योगायोगाने मिळाली होती.

राखीव केंद्र आहे, पण त्याकडे जायचे केव्हा हे ठरलेले नाही, अशी अवस्था २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात दिसली. दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्यांत अडचण आली, जोखीम-नियंत्रण प्रणाली हाती राहिली नाही, आणि सकाळी ११.४० ला व्यवहार थांबवले गेले. पर्यायी केंद्र वापरात आले नाही. बाजार दुपारी पावणेचारला पुन्हा उघडला आणि पाचपर्यंत चालला; मधल्या काळात सौदे उघडे राहिलेल्या गुंतवणूकदारांचे हाल झाले. पुढच्याच महिन्यात बाजाराचे नियामक असलेल्या सेबीने वेळा बांधून दिल्या: महत्त्वाची प्रणाली बंद पडल्यापासून ३० मिनिटांत 'आपत्ती' जाहीर करायची आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचे. यात ४५ पेक्षा ३० चा आकडा महत्त्वाचा. यंत्र किती वेळात सावरते हे अभियंते सांगू शकतात. माणूस 'आता होईल दुरुस्त' म्हणत किती वेळ थांबतो याला मात्र तोपर्यंत कोणी मर्यादा घातलेली नव्हती.

याच्याच शेजारी दुसरा आकडा असतो: सावरल्यावर किती मिनिटांची माहिती गमावलेली चालेल. शाळेच्या हजेरीला एक दिवस चालतो, शेअर बाजाराला मिनिटेही जड जातात. तो जितका शून्याकडे न्यावा तितका खर्च वाढतो. शिवाय क्षणाक्षणाला नक्कल होणारी प्रत हल्लेखोराने केलेली खराबीही क्षणात उचलते. बिघाडासाठी जी आवश्यकता उत्तम, ती हल्ल्यासाठी घातक ठरण्याचे हे उदाहरण आवश्यकता लिहिणाऱ्यांच्या नजरेतून वारंवार निसटते.

दोन्हींची ओढाताण शेअर बाजारापेक्षा रेशन दुकानात जास्त स्पष्ट दिसते. मध्य प्रदेशातील धारजवळचे तिरला हे विकासखंडाचे ठिकाण. भोवतालची गावे आदिवासीबहुल, आणि हंगामात मजुरीसाठी गुजरातेकडे जाणारी कुटुंबे पुष्कळ. अशा भागातील कंट्रोलच्या दुकानात पीओएस यंत्रावर अंगठा ठेवायचा, ओळख मध्यवर्ती सर्व्हरवर पटायची, मग धान्य मिळायचे, असा क्रम. 'एक देश एक रेशन कार्ड' आल्यापासून तेच कार्ड दुसऱ्या गावी, दुसऱ्या राज्यातही चालते. आता नेटवर्क गेले तर यंत्राने काय करावे? नकार द्यावा, असे सुरक्षेचा विचार करणारा सांगेल, कारण खात्री नसताना दार बंद ठेवणे हा साल्झर-श्रोडर यांचा आणखी एक नियम. पण येथे नकार म्हणजे रोज बुडवून आलेली बाई रिकाम्या पिशवीने परत. धान्य द्यावे म्हटले तर तेच कार्ड त्याच दिवशी दुसऱ्या दुकानात चालवता येईल, आणि दुकानदाराला यंत्र मुद्दाम जाळ्याबाहेर ठेवून खोटी उचल दाखवण्याची वाट मोकळी होईल. जाळे तुटले असताना सर्वत्र एकच हिशेब आणि अखंड सेवा या दोन्ही गोष्टी मिळत नाहीत, हे एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडले आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केले. आवश्यकता लिहिणाऱ्याला त्यांतली एक बाजू निवडावीच लागते.

निवड लिहून काढली तर अशी काहीशी दिसेल. जोडणी नसताना यंत्राने त्या दुकानाच्या यादीतील कार्डांना चालू महिन्याचे धान्य एकदाच द्यावे. बाहेरच्या कार्डांना त्या काळात ठरावीक किलोपर्यंतच द्यावे. प्रत्येक उचल सही केलेल्या नोंदीच्या रूपात यंत्रात साठवावी आणि जोडणी येताच सर्वांत आधी तीच पाठवावी. दुहेरी उचल आढळली तर पुढील महिन्यात वळती करावी, कार्ड बंद करू नये. आणि एखाद्या दुकानाची जोडणीविना उचल शेजारच्या दुकानांपेक्षा ठळकपणे जास्त असेल तर त्याचे नाव तपासणीसाठी वर जावे. कष्टाच्या कामाने झिजलेले ठसे जुळत नाहीत, हा हल्ला नव्हे आणि यंत्राचा बिघाडही नव्हे. त्यासाठी दुसरी ओळख, ओटीपी किंवा घरातील दुसरा सदस्य, याची तरतूद पहिल्या दिवसापासून हवी. यातली काही चोरी होईल, हे उघड आहे. किती चोरी चालेल आणि किती उपास चालणार नाही, हे सॉफ्टवेअर कंपनीने ठरवायचे काम नव्हे, आणि आवश्यकता-दस्तऐवजात ते लिहिले नसेल तर नेमके तेच होते: एखादा प्रोग्रामर ते एका ओळीत ठरवून मोकळा होतो.

या गोष्टी आठवणीच्या भरवशावर सुचत नाहीत, म्हणून पद्धती तयार झाल्या. हल्लेखोराच्या भूमिकेतून प्रणालीचा 'वापर' लिहून काढण्याची दुरुपयोग-कथेची पद्धत १९९९ च्या सुमारास आली; सिंद्रे आणि ओपदाल यांनी ती रूढ केली. त्याच वर्षी ब्रूस श्नायर यांनी हल्ल्याचा वृक्ष मांडला: मुळाशी हल्लेखोराचे उद्दिष्ट, फांद्यांवर तेथवर जाण्याच्या वाटा. मायक्रोसॉफ्टच्या स्ट्राइड सूचीत तोतयेगिरी, फेरफार, कानावर हात ठेवणे, माहितीफोड, सेवा अडवणे आणि अधिकार बळकावणे असे सहा धोके आहेत. प्रणालीच्या आराखड्यातील प्रत्येक बाणाला ते विचारायचे. कॉसमॉसच्या आराखड्यात स्विच आणि कोअर बँकिंग यांच्यामधल्या बाणाला पहिला प्रश्न विचारला असता तरी पुरे होते. कार्नेगी मेलनच्या नॅन्सी मीड यांची स्क्वेअर पद्धत मालक, वापरकर्ते आणि सुरक्षातज्ज्ञ यांना एकत्र बसवून आवश्यकतांचा प्राधान्यक्रम लावते. ती वेळखाऊ आहे, आणि लहान संस्थांना झेपत नाही.

वाक्यरचनेची शिस्त त्या मानाने स्वस्त आहे. रोल्स-रॉइसमध्ये विमानाच्या इंजिनांसाठी २००९ मध्ये घडवलेल्या एका साच्यात नको असलेल्या घटनेसाठी ठरीव रूप आहे: 'अमुक घडले, तर प्रणालीने तमुक करावे.' त्याला घटना कोठून आली, प्रणाली तेव्हा कोणत्या स्थितीत होती आणि प्रतिसाद कशाने मोजायचा ही जोड दिली की वाक्य चाचणीला उभे राहते. कारण मात्र त्यात शक्यतो लिहू नये. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढे कित्येक महिने तो सायबर हल्ला होता की मानवी चूक यावर राज्य आणि केंद्र यांचे मंत्री वेगवेगळे बोलत होते. संकटाच्या वेळी शहराला स्वतःच्या वीजकेंद्रांवर वेगळे करणारी योजना त्या दिवशी टिकली नाही. ती टिकावी ही आवश्यकता दोन्ही कारणांना सारखीच लागू होते.

आवश्यकता एका संस्थेच्या कुंपणाशीही संपत नाही. ३१ जुलै २०२४ च्या सुमारास सी-एज या सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला आणि खबरदारी म्हणून सुमारे ३०० लहान बँका किरकोळ पेमेंट जाळ्यापासून तात्पुरत्या तोडल्या गेल्या. त्या बँकांतील बहुतेक सहकारी आणि ग्रामीण. त्यांच्या स्वतःच्या कारभारात चूक नव्हती. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकात त्यांच्या डिजिटल सेवांनुसार चार पायऱ्यांच्या अटी घातल्या, हे शहाणपणाचे पाऊल होते, कारण एका शाखेच्या बँकेकडून मोठ्या बँकेची यंत्रणा मागणे व्यर्थ असते. पण पायरी बँकेची मोजली जाते. तीनशे बँकांचा भार वाहणाऱ्या पुरवठादाराची पायरी या सर्वांच्या वरची धरायला हवी, आणि पुरवठादार बंद असताना शाखेने कोणती कामे कागदावर चालू ठेवायची हे बँकेच्या स्वतःच्या दस्तऐवजात असायला हवे. सायबर घटनांसाठीच्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी घटनेची खबर सहा तासांत देणे आणि नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक केले. त्या आवश्यकता आता सर्वांनाच आयत्या मिळतात. सहा तासांत खबर देण्यासाठी घटना घडल्याचे सहा तासांच्या आत कळायला हवे, ही त्यामागची अट मात्र ज्याची त्याने लिहायची आहे.

लिहिलेली आवश्यकता पुरी झाली का, हे तपासण्याची रीत पहिल्या दिवशीच ठरवावी लागते. हल्ल्याच्या बाबतीत पूर्ण खात्री कधीच मिळत नाही: घुसखोरीच्या चाचणीत काही सापडले नाही याचा अर्थ त्या चमूला सापडले नाही, एवढाच. बिघाडाच्या बाबतीत सराव शक्य असतो, पण तो कामाच्या वेळी, खऱ्या भारावर करायला संस्था बिचकतात. २०२१ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजार थांबला त्यानंतर तीन वर्षांनी, २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी, मुंबईच्या शेअर बाजारांनी खास सत्रे भरवली. सौदे खरे होते, पैसे खरे होते. सकाळचे पहिले सत्र मुख्य केंद्रावरून चालले आणि दुसरे पर्यायी केंद्रावरून.